मैदानात मराठी कळणारी एकटी

कॅसल हिल, सिडनी
८ जुलै

ईशानी,

फोन बंद ठेवला आहेस. ठेव. तुझ्या वकीलबाईंनी सांगितलं म्हणून बंद आहे, की आईचं नाव स्क्रीनवर दिसायला नको म्हणून, ते तुझं तुला माहीत. मी लावून लावून दमले आणि शेवटी तुमच्या मॅनेजरकडून गुंगालिनचा हा पत्ता अक्षरशः उकळला. मार्लीच्या आंटीचं घर ना हे? कॅनबेराची थंडी म्हणजे काय चेष्टा आहे का? तुझं जाड जॅकेट इथे दारामागे लटकतंय. जाता-येता मी त्याला हात लावते आणि मग माझा मलाच राग येतो.

पत्र बघून हसशील. दर शनिवारी तुला मराठी शाळेत ओढत न्यायचे, तेव्हा गाडीत पाय आपटून रडायचीस, ‘हू ईव्हन राइट्स इन मराठी, आई?’ घे. मी लिहिते.

मला एका जागी बसवत नाहीये. सकाळपासून ओव्हन घासला, फ्रीज रिकामा केला, परत भरला. टीव्ही लावला की तूच. तो एक तुकडा फिरवून फिरवून दाखवतात. रग्बीचा खेळ चालू आहे, बॉल मार्लीकडे आहे, तू एकदम थांबतेस, रेफरीजवळ जाऊन काहीतरी सांगतेस. मग आमच्या स्टँडसमोर येऊन गवतावर खाली बसतेस आणि हात वर करून आमच्या दिशेने दाखवतेस. मार्लीला काही कळत नाही, तरी ती तुझ्या शेजारी येऊन बसते. मग एकेक करून सगळी टीम. ऑस्ट्रेलियाची टीम गवतावर बसलेली, कॅनडाच्या मुली कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि कॉमेंट्रीवाले गोंधळलेले. नंतर माइकसमोर तुझं ते वाक्य, की माझ्या टीममेटला माझ्याच भाषेत शिवी दिली, तो माणूस बाहेर जाईपर्यंत मी खेळणार नाही. कोण तो, विचारल्यावर म्हणालीस, ‘ते मी सांगणार नाही.’

नाही सांगितलंस. तो माणूस शेवटपर्यंत खुर्चीत बसून राहिला, तू मात्र आत गेलीस, टीम हरली, आणि आता सगळं खापर तुझ्या डोक्यावर.

आपल्या लोकांचं काय चाललंय ते ऐकायचंय? आपल्या मराठी मंडळाच्या ज्या यादवरावांनी महिनाभर आधी तिकिटं काढून अख्खी रांग बुक केली, भगवा फेटा बांधून ‘आपली पोरगी, हिरव्या-सोनेरी जर्सीतली पहिली मराठी पोरगी’ म्हणून शिट्ट्या फुंकल्या, तेच आता म्हणतात, पोरीने समाजाचं नाक कापलं. मंडळातली पद्मा आली होती. चहा प्यायली, निघताना म्हणाली, ‘लीना, मुली जरा हट्टी होतात गं इथे.’ मी कप विसळत राहिले.

आता मला वाटतं ते लिहू का? रागावशील, पण रागाव. एवढं करायची गरज होती का ईशानी? मार्लीला मराठी कुठे कळतं? तू गप्प बसली असतीस तर तिच्या कानाला ते लागलंसुद्धा नसतं. तिला काही इजा झाली का? आणि अशा बोलण्याची तिला सवय असणार, तिच्या माणसांनी यापेक्षा खूप ऐकलंय. आपल्याला नाही परवडत हे. आपण इथे परके आहोत, खाली मान घालून पुढे जायचं. तिचं काय, ती इथल्या मूळ लोकांतली, तिचा देशच आहे.

तो कोण होता त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही विचारू नकोस.

जॅकेट पोस्टाने पाठवते.

आई


कॅसल हिल
१५ जुलै

ईशानी,

उत्तर नाही. जॅकेट मिळालं एवढं तरी कळव. ट्रॅकिंगवर ‘पोचलं’ दिसतंय, पण पार्सल काय, दारात पडलं तरी पोचलंच म्हणतात.

काल शिस्त समितीची नोटीस आली. तुला आली असेलच, आम्हाला ‘त्या रांगेत बसलेले प्रेक्षक’ म्हणून आली. एकतीस जुलैला तुझी सुनावणी. त्यात इतकं कोरडं लिहिलंय की मी दोनदा वाचलं. खेळाडूने आरोप केला पण माणसाचं नाव द्यायला नकार दिला, मैदानावरच्या माइकमधलं रेकॉर्डिंग अस्पष्ट आहे, तेव्हा आरोप सिद्ध झाला नाही तर रग्बीची टेस्ट मॅच विनाकारण थांबवल्याबद्दल कारवाई होईल. म्हणजे युरोपचा दौरा गेला. पुढची जर्सीही गेली म्हणायची. कोणाला काही माहीत असेल तर पंचवीस तारखेपर्यंत जबाब द्यावा.

आणि त्याच संध्याकाळी यादवराव हजर. सोबत चार जण. माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चिवडा खात ठरवलं की सगळ्यांनी एकच सांगायचं. ‘आम्ही आमच्या मुलीच्या नावाने ओरडत होतो, दुसऱ्या कोणाबद्दल काही बोललो नाही.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणे. ‘वहिनी, तुम्ही तर काय, सरकारमान्य दुभाषी! तुम्ही सांगितलं की विषय संपला.’

आणि बाबा? तो मान डोलावत होता.

हो. लिहिते आता. चार भिंतींत तेच, डोक्यात तेच, कागदावर तरी कशाला लपवू? आणि तुझ्यापासून काय लपवायचं, तुला तर पहिल्या शब्दालाच कळलं असणार. तुला मैदानात कोण हाक मारतंय ते लांबून कळतं. ओरडला तुझा बाबा. मी त्याच्या शेजारी बसले होते, मांडीवर डबा घेऊन. मॅचच्या आधी या जमिनीच्या मूळ लोकांना मान द्यायचा म्हणून सगळं स्टेडियम उभं राहिलं, तेव्हा तोही टोपी काढून उभा राहिला. आणि अर्ध्या तासात त्याच जमिनीवरच्या मुलीला ते बोलला. मराठीत. का, तर कोणाला कळतंय! आपण सगळे असंच करतो ना? लिफ्टमध्ये, ट्रेनमध्ये, दुकानात, समोरच्याच्या तोंडावर त्याच्याबद्दल बिनधास्त बोलतो. त्या अख्ख्या मैदानात मराठी कळणारी एकच होती, आणि तिलाच बघायला आम्ही गेलो होतो. बुद्धी गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

त्याचं म्हणणं, गंमत होती. त्याचं म्हणणं, ‘मी रेसिस्ट कसा असेन? मला स्वतःला लोक बोललेत.’ आठवतंय तुला, मेट्रोत तो माणूस त्याला ‘गो होम’ म्हणाला होता? दोन दिवस धड जेवला नाही. बूट घालायचा आणि परत काढायचा, ऑफिसला जाववेना. मी त्याला तेच म्हटलं. म्हटलं, उल्हास, त्या माणसाचीही गंमतच होती. त्यावर दार आपटून बाहेर गेला आणि लिंबाच्या झाडाला पाणी घालत बसला. पाऊस पडत होता.

आणखी एक. माझ्या एजन्सीकडून कामाची ईमेल आली. मराठी, एक छोटी ऑडिओ क्लिप, लेखी भाषांतर, क्रीडा चौकशीसाठी. मी बघतच राहिले. सिडनीत मराठीचे दुभाषी आहेत किती, फिरून फिरून माझ्याकडेच येणार. नात्यातल्या माणसाचं काम घ्यायचं नाही हा आमचा पहिला नियम, तुला माहितेय. बाबाने ती ईमेल माझ्या खांद्यावरून वाचली. खूप हळू म्हणाला, ‘लीना, घे ना. तू केलंस तर नीट होईल.’

नीट.

मी ‘उपलब्ध नाही’ असं कळवलं. कारण दिलं नाही. कारण दिलं असतं तर सगळंच दिल्यासारखं होतं.

आता काय करू, ईशानी? तू त्याचं नाव घेत नाहीस, आणि स्वतः बुडतेयस. मी घेतलं तर तो बुडतो. ज्याने बॅकयार्डात तुला अंधार पडेपर्यंत बॉल पकडायला शिकवलं, ज्याने तुझ्यासाठी शनिवारची क्रिकेटची मॅच सोडली, तो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी आज चॅट्सवुडपर्यंत मेट्रोने गेले आणि उतरलेसुद्धा नाही, तशीच परत आले.

एक ओळ तरी लिही.

आई


कॅसल हिल
२१ जुलै

ईशानी,

तुझी ओळ आली. एकच नव्हे, चार आल्या. वेलांट्या चुकल्यात, पण अक्षर अजून शाळेतलंच आहे.

‘आई, जॅकेट मिळालं. तुझी पत्रं मी मार्लीला वाचून दाखवते, इंग्लिशमध्ये. काही गाळत नाही आणि काही गोड करत नाही, तूच तसं शिकवलंस. ती म्हणते तुझ्या आईला सांग, मला सवय नाही.’

मी सिंकपाशी उभी होते. नळ चालूच राहिला.

मी काय लिहिलं होतं ते पुन्हा आठवायचीही गरज नाही, तोंडपाठ आहे. ‘तिला सवय असणार.’ ‘तिचं काय.’ आणि वर तुझ्या बाबाला अक्कल शिकवत होते, की मराठी कोणाला कळतं असं समजू नये! मीही तेच समजले की गं. कागद मराठीत आहे, म्हणजे घरातल्या घरात आहे. तो स्टँडमध्ये ओरडला, मी पाकिटात घालून, तिकीट लावून, तिच्या घरच्या पत्त्यावर पाठवलं. त्या घरात, जिथे तू तिच्या आंटीच्या हातचं जेवतेयस.

शरम वाटते. साधी शरम. तिला आपल्याकडे जेवताना पाहिलंय मी. पुरणपोळीवर तूप घेऊन खाल्ली होती तिने, आणि निघताना सगळी ताटं धुतली होती. मी नको नको म्हणत होते तर म्हणाली, ‘आंटी रोझने ऐकलं तर मला मारेल.’ अशी मुलगी. आणि ती उठून गेल्यावर बाबा म्हणाला होता, ‘चांगली आहे, पण मैत्रिणी जरा बघून कर म्हणावं हिला.’ मी तेव्हाही ताटंच आवरत होते.

मार्ली, आता हे तुझ्यासाठी. ईशानी, हे जसंच्या तसं वाच.

मार्ली, मी चुकीचं लिहिलं. तुला कळत नाही म्हणून लागत नाही, हे खोटं आहे. मला सवय झाली असेल गप्प बसायची, म्हणून मी तुझ्या गळ्यात ती सवय बांधली. मला माफ कर म्हणणार नाही, कारण माफी मागणारे लोक समोरच्याला पुन्हा माफ करायच्या कामाला लावतात. आधी माझं काम मी करते.

ईशानी, मी शुक्रवारची वेळ घेतली आहे. शहरात, त्यांच्या ऑफिसात. बाबाला सांगितलंय जबाबाला चाललेय. तो काय समजायचं ते समजला. गाडी मीच चालवतो म्हणाला, पार्किंग मिळत नाही तिकडे.

यादवरावांचे मेसेज रोज येतात. ‘वहिनी, लक्षात आहे ना?’ आहे हो, म्हटलं, सगळं लक्षात आहे.

आई


कॅसल हिल
२५ जुलै

ईशानी आणि मार्ली,

झालं. आत्ताच घरी आले, चप्पलसुद्धा काढली नाही. आधी लिहिते, नाहीतर शहाणपणा सुचायला लागेल.

छोटी खोली. एक बाई, एक तरुण वकील, भिंतीवर स्क्रीन. बाई चांगली होती, पाणी दिलं. मंडळाने पाठवलेलं भाषांतर माझ्यासमोर ठेवलं. यादवरावांनी स्वतः केलेलं. त्यात होतं, ‘बॉल आमच्या मुलीला दे.’ इतकंच. मग त्यांनी ती क्लिप लावली. गोंगाट, शिट्ट्या, कोणीतरी ढोलासारखी खुर्ची बडवतंय. त्याच्यामध्ये बाबाचा आवाज. तुम्हाला अस्पष्ट असेल, मला नाही. त्या आवाजाशेजारी मी पंचवीस वर्षं झोपतेय.

बाईने विचारलं, ‘हे भाषांतर बरोबर आहे?’

ईशानी, तुला ठाऊक आहे मी इतकी वर्षं काय करतेय. कोणाच्या आईला कॅन्सर आहे हे डॉक्टर इंग्रजीत सांगतो आणि मराठीत मला सांगायला लागतं. मुलगा मध्ये पडून म्हणतो, ‘मावशी, तिला असं नका सांगू, जरा हलकं करा.’ मी कधी हलकं केलं नाही. हलकं केलं की ती बाई स्वतःच्याच आजाराबाहेर राहते. आणि बोलताना ‘तो म्हणतो, ती म्हणते’ असंही करायचं नाही. माणूस ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं.

म्हणून मी तसंच बोलले. दुभाषी म्हणून नाही, त्या रांगेत बसलेली बाई म्हणून. पण तोंडाला सवय तीच. म्हणाले, ‘नाही. ईशानी, त्या काळ्या माकडिणीला कशाला देतेस बॉल, जंगलात पळत सुटेल ती.’ इंग्रजीत. माझ्या तोंडून. आणि मला पहिल्यांदा ते ऐकू आलं. मराठीत मी ते ऐकलं होतं आणि डबा पुढच्या खुर्चीकडे सरकवला होता. मार्ली, हे तुला वाचून दाखवायला लावतेय, पण गाळलं तर परत तेच होईल.

‘हा आवाज कोणाचा?’

‘उल्हास. माझा नवरा. खेळाडूचे वडील.’

तरुण वकिलाने पेन खाली ठेवलं. बाईने विचारलं, ‘म्हणून मुलीने नाव दिलं नाही?’ मी म्हटलं, ‘ते तिला विचारा. मी दुसऱ्याचं न बोललेलं बोलत नाही.’ आणि मग रडले. खूप रडले गं. पाणी सांडलं त्यांच्या टेबलावर.

सही केली. ती बाई म्हणाली, तुझ्यावरची कारवाई आता उभी राहण्याचं कारण दिसत नाही, पण अधिकृत एकतीसला कळेल. बाबाला बहुतेक मैदानबंदी येईल. कायमची, तुझ्या मॅचेससुद्धा. मी म्हटलं, समजलं.

खाली तो गाडीत बसला होता. पार्किंगवाला दोनदा हटकून गेला होता म्हणे, म्हणून वैतागलेला. मी बेल्ट लावला. ‘काय सांगितलंस?’

‘तू ओरडलास ते. आणि तुझं नाव.’

मला वाटलं ओरडेल. मी तयारी करून बसले होते, तोंडाला तोंड द्यायची. नाही ओरडला. किल्ली हातात, गाडी चालू नाही. मागून लोक हॉर्न देतायत. मग म्हणाला, ‘मला येता येणार नाही आता. तिला बघायला.’

‘नाही.’

‘बॉल पकडायला मी शिकवलं तिला.’

‘हो. तूच.’

नंतर खूप वेळाने, ब्रिज ओलांडून झाल्यावर, समोर बघतच बोलला. ‘ती खाली बसली ना लीना, तेव्हा हात वर केला होता तिने. माझ्याकडे. मला वाटलं, बाबा दिसला म्हणून हात करतेय. मी उभा राहून हात हलवला.’

घरी आल्यापासून मागे अंगणात उभा आहे. यादवरावांचे फोन येतायत, तो घेत नाही, मी तर नाहीच. पद्माने मेसेज केलाय, ‘स्वतःच्या नवऱ्याला?’ फक्त एवढाच. उत्तर द्यायचं मनात नाही. मंडळातून आता आपलं नाव गेलं समज. गणपतीत आरतीला बोलावतील असं वाटत नाही. जाऊ दे. घरात करू.

त्याने सॉरी म्हटलेलं नाही. तुम्हाला खोटं लिहिणार नाही. जेव्हा म्हणेल तेव्हा स्वतः म्हणेल, मार्लीला, समोर उभं राहून, तिला कळेल अशा भाषेत. त्याच्या वतीने मी म्हणणार नाही. आणि तोवर त्याला माफ करू नका दोघी. मी मध्येच विरघळून ‘जाऊ दे आता’ असं लिहीन, मला ओळखते मी. तेव्हाही करू नका.

ईशानी, तू आता खेळ. मी येईन. तिकीट एकच काढेन, पण त्या रांगेत नाही, दुसरीकडे कुठेतरी. मार्लीच्या आंटीला विचार, तिच्या शेजारी बसले तर चालेल का. नाही म्हणाली तर तेही बरोबर आहे, मी लांब बसेन.

आई